एक पीस आणि दोन मते
(प्रौढ वर्ग व शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासपाठ)

मतभेद कोठे नाहीत? ते घरात आहेत, पंचायतीत आहेत, मंडळीच्या सभेतही आहेत. परंतु जेथे माणसे केवळ हौसेने एकत्र येतात तेथील मतभेद कधी कधी सर्वांत कडवट होतात, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे. टपालाची तिकिटे जमविणारे, गुलाबाची कलमे बांधणारे, बुद्धिबळ खेळणारे, पक्षी पाहणारे अशी कितीतरी मंडळे आपल्या गावोगावी आहेत आणि आपल्यापैकी पुष्कळजण त्यांचे सभासद आहेत. तेथे पगार नाही, बढती नाही, वतन नाही. मग भांडण कशाचे?

छंदात माणूस आपले मन गुंतवितो, हेच त्याचे कारण. ज्या विषयावर दहा-वीस वर्षे प्रेम केले त्यात कोणी चूक दाखविली, तर ती चूक विषयातली आहे असे वाटत नाही. आपल्या वर्मावरच कोणी बोट ठेवले असे वाटते. मग एक रागावून बोलतो, दुसरा रुसून येईनासा होतो. त्यातही मंडळात नव्याने आलेला तरुण एकदा अपमानित होऊन गेला, की तो बहुधा परत येत नाही. हे नुकसान कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिले जात नाही, पण ते मोठे असते.

आदराने मतभेद करणे म्हणजे गोड बोलणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती आम्हांला अपुरी वाटते. गोड शब्दांत अपमान करता येतो आणि स्पष्ट शब्दांत मान राखता येतो. ज्या वस्तूविषयी वाद आहे त्या वस्तूकडे दोघांनीही परत जावे व ती पुन्हा नीट पाहावी, हा या आदराचा पाया होय. हे समजण्यासाठी पक्षिनिरीक्षकांच्या जगात घडलेला एक खरा प्रसंग या पाठात आपण अभ्यासू.

१. वाद कशावरून झाला

१८८३ साली मुंबईत आठ निसर्गप्रेमी गृहस्थांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली व १८८६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. त्यात लिहिणारे बरेचसे लोक धंद्याने शास्त्रज्ञ नव्हते. कोणी सरकारी अधिकारी, कोणी लष्करातले, कोणी मळेवाले. नोकरी सांभाळून उरलेल्या वेळात ते पक्षी, साप, फुलपाखरे यांचा अभ्यास करीत आणि पाहिलेले लिहून पाठवीत.

ह्यू व्हिसलर हे त्यांपैकीच एक. ते पंजाबात पोलिस अधिकारी होते. भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सुबोध हस्तपुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले आणि या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाऊ लागला. सोसायटीच्या नियतकालिकातही त्यांचे भारतीय पक्ष्यांच्या अभ्यासाविषयीचे लेख येत असत. त्यांत एके ठिकाणी भृंगराज पक्ष्याच्या शेपटीचे वर्णन आले.

भृंगराज हा कोतवालाच्या कुळातला काळा, तकतकीत पक्षी. सह्याद्रीच्या दाट रानांत तो राहतो व इतर पक्ष्यांच्या आवाजांची हुबेहूब नक्कल करतो. त्याच्या शेपटीची दोन्ही बाजूंची शेवटची पिसे तारेसारखी लांब वाढलेली असतात आणि त्या तारेच्या टोकाला चमच्यासारखे पाते असते. तो उडू लागला म्हणजे दोन भुंगे त्याचा पाठलाग करीत आहेत असा भास होतो. या लांब पिसाच्या आतल्या बाजूस पाते नसते, असे व्हिसलर यांनी लिहिले होते.

सलीम अली यांनी ते वाचले. त्या वेळी त्यांचे वय तेहतिशीच्या आसपास होते. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिशास्त्रीय खात्यातील जागा त्यांना मिळाली नव्हती. १९२९ साली त्यांनी त्याच नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. ही चूक जुन्या ग्रंथांतून तशीच उतरत आली आहे, असे त्यांनी दाखविले. पिसाच्या दांडीला टोकापाशी पीळ असतो आणि त्या पिळामुळे आतली कड बाहेरची असल्यासारखी भासते, असा त्यांचा मुद्दा होता.

२. पहिला राग

व्हिसलर यांना राग आला. आपण इतकी वर्षे अभ्यास केला, पुस्तक लिहिले, आणि हा कोण अनोळखी हिंदी तरुण आपली चूक काढणारा! नियतकालिकाचे संपादक प्रेटर व सर रेजिनल्ड स्पेन्स यांना त्यांनी तोऱ्याची पत्रे लिहिली. इंग्रजी अंमलाचा तो काळ होता. एका बाजूला साहेब अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला नोकरी शोधणारा हिंदी माणूस, हे लक्षात घेतले म्हणजे त्या रागाचे वजन किती होते ते कळते.

येथे शिक्षकांनी थोडे थांबावे. राग आला एवढ्यावरून माणूस वाईट ठरत नाही. प्रामाणिक माणसालाही चूक दाखविल्यावर पहिल्या क्षणी झोंबते. प्रश्न असतो तो दुसऱ्या पावलाचा. राग आल्यावर माणूस काय करतो, यावर पुढचे सर्व अवलंबून राहते.

३. पुन्हा पाहणे

व्हिसलर यांनी आपल्याजवळचे भृंगराजाचे नमुने काढले आणि ती पिसे पुन्हा तपासली. पीळ होता. अली यांचे म्हणणे बरोबर होते. व्हिसलर यांनी आपली चूक मान्य केली, आणि केवळ मान्य करून ते थांबले नाहीत. त्या अनोळखी तरुणाचे ते जवळचे मित्र झाले.

या मैत्रीचे फळ आपल्या भागांतील वाचकांना विशेष जवळचे वाटेल. १९३१ साली हैदराबाद संस्थानात पक्ष्यांची पाहणी सुरू झाली. रानोमाळ हिंडून पाहणी केली ती सलीम अली यांनी. गोळा झालेल्या नमुन्यांवर शास्त्रीय टिपा लिहिल्या त्या व्हिसलर यांनी. तो वृत्तांत १९३३-३४ मध्ये छापून आला. पुढे त्रावणकोर व कोचीन, आणि त्यानंतर इंदूर, ग्वाल्हेर, भोपाळ इत्यादी मध्य भारतातील संस्थाने, येथील पक्ष्यांवरही या दोघांच्या सहकार्याने लेखमाला निघाल्या. १९४३ साली व्हिसलर वारले तोपर्यंत हे सख्य टिकले. एका पिसावरून जे दोघे कायमचे दुरावले असते, त्यांनी अर्ध्या देशाचे पक्षी मिळून नोंदविले.

४. या प्रसंगातील पाच गोष्टी

पहिली गोष्ट अशी की अली यांनी विधानावर बोट ठेवले, माणसावर नाही. व्हिसलर यांना पक्ष्यांतले काय कळते, असा सूर त्यांनी लावला नाही. चूक जुन्या ग्रंथांतून आली आहे असे सांगितल्यामुळे समोरच्याला मागे फिरण्यास वाट मोकळी राहिली. ही चलाखी नव्हती, ती वस्तुस्थितीच होती. पुष्कळदा आपल्या चुका आपल्या नसतातच. आपण त्या कोणाकडून तरी विश्वासाने घेतलेल्या असतात.

दुसरी गोष्ट अशी की चूक कशी झाली असेल याचाही त्यांनी उलगडा केला. तुमचे चुकले एवढेच म्हटले तर ऐकणारा मूर्ख ठरतो. दांडीला पीळ आहे म्हणून तसे दिसते, असे म्हटले तर शहाण्या माणसालाही फसवील अशी ती जागा आहे हे सर्वांना कळते. चूक दाखविणाऱ्याने एवढे कष्ट घेतले तर निम्मे भांडण तेथेच संपते.

तिसरी गोष्ट संपादकांची. लिहिणारा नवखा व ज्याच्याविषयी लिहिले तो नामांकित, तरी त्यांनी टिपण छापले. मंडळाचे चालक, वर्गाचे शिक्षक, सभेचे अध्यक्ष यांनी हे ध्यानात ठेवावे. थोर माणसाला वाईट वाटेल म्हणून लहानाचे खरे म्हणणे दाबून ठेवणे, हा थोराचाही मान नव्हे. दडपलेल्या टिपणामुळे व्हिसलर यांची चूक तशीच राहिली असती आणि त्यांना एक चांगला मित्रही मिळाला नसता.

चौथी गोष्ट व्हिसलर यांची. त्यांनी कपाट उघडले. वाद जिंकण्यासाठी आणखी पत्रे लिहिता आली असती, आपल्या वर्षांचा व अधिकाराचा दाखला देता आला असता. पण पिसाला अधिकार कळत नाही. या प्रसंगात अधिक अवघड काम कोणाचे असे आम्हांला विचारले, तर आम्ही व्हिसलर यांचे नाव घेऊ. दुसऱ्याची चूक दाखविण्यास तीक्ष्ण दृष्टी पुरते. आपली चूक शोधण्यास कपाट उघडावे लागते.

पाचवी गोष्ट अशी की चूक कबूल केल्यावर दोघे कामाला लागले. कबुली तोंडदेखली असली की माणसे सभ्यपणे वागतात, पण एकमेकांना टाळतात. येथे कबुलीनंतर नमुने, टिपा आणि पत्रे यांची वर्षानुवर्षे देवाणघेवाण झाली. समेट खरा की खोटा हे यावरून ओळखावे.

५. वाद नावाचा की वस्तूचा?

सर्वच वाद पिसासारखे पाहून मिटत नाहीत. काहींत दोघेही खरे असतात, फक्त शब्द निरनिराळे असतात. तांबूस पंखांचा, लाल डोळ्यांचा, कुंपणाकडेने हळूहळू चालणारा काळा पक्षी आपण सर्वांनी पाहिला आहे. कोणी त्याला भारद्वाज म्हणतात, कोणी कुंभारकावळा, कोणी सोनकावळा, तर कोणी कुकुडकुंभा. संस्कृत कोशात मात्र भरद्वाज या शब्दाचा अर्थ चंडोल असा दिलेला आढळतो. आता एकजण म्हणाला की भारद्वाज जमिनीवर रेंगाळतो, आणि दुसरा म्हणाला की भरद्वाज उंच आकाशात जाऊन गातो, तर ते दोन दिवस भांडत बसतील आणि दोघेही बरोबर असतील!

म्हणून वादाच्या आरंभी एक साधा प्रश्न विचारावा: आपण दोघे एकाच वस्तूविषयी बोलत आहोत ना? मंडळीच्या सभांतही हा प्रश्न वेळेवर विचारला तर पुष्कळ तास वाचतील.

६. मतभेद न मिटला तर?

काही मतभेद पाहून मिटत नाहीत, शब्द समजावूनही मिटत नाहीत. कारण त्यांत माणसांची आवड निरनिराळी असते. सलीम अली व अमेरिकन पक्षितज्ज्ञ सिडनी डिलन रिप्ले यांचे तसे होते. रिप्ले संग्रहालयांच्या शिस्तीत वाढलेले, जाती-उपजातींच्या वर्गीकरणात रमणारे. अली यांना रानातला जिवंत पक्षी हवा. शास्त्रीय नावांच्या काथ्याकुटाचा त्यांना वीट येई आणि तसे त्यांनी रिप्ले यांना पत्राने मोकळेपणी कळविलेही होते. तरी भारत व पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ या दोघांनी मिळून पुरा केला. तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला.

दोघांनी एकमत होण्याची वाट पाहिली असती तर पहिला खंडही निघाला नसता. जेथे काम एक आहे आणि आवड दोन आहेत, तेथे मतभेद वाटून घेता येतो: हे तू कर, ते मी करतो. एकमत हे नेहमी आवश्यक नसते. परस्परांच्या प्रामाणिकपणावर विश्वास मात्र आवश्यक असतो.

७. खोट्या चिठ्ठीचे नुकसान

हा विश्वासच कोणी मोडला तर काय होते, याचेही उदाहरण याच क्षेत्रात आहे, आणि ते महाराष्ट्राशी निगडित आहे.

रानपिंगळा हे लहानसे घुबड. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्याचे मोजकेच नमुने जगातील संग्रहालयांत होते, आणि खरा म्हणता येईल असा शेवटचा नमुना १८८४ सालचा होता. परंतु कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाच्या संग्रहात १९१४ सालचा, गुजरातेतील मांडवी येथे मिळाला असे लिहिलेला एक नमुना होता. त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून पुढील काळात गुजरातेत शोध झाले आणि ते फोल ठरले.

अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ बाई व त्यांचे सहकारी यांनी जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. मध्ये ११३ वर्षे गेली होती. १९९९ साली रासमुसेन व कॉलर यांनी दाखवून दिले की तो मांडवीचा म्हटलेला नमुना वस्तुतः जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात गोळा केलेला होता. तो चोरून, नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून ठेवण्यात आला होता. कातडे कसे भरले, कसे घडविले याची इतर नमुन्यांशी बारकाईने तुलना करून त्यांनी हे सिद्ध केले.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. आदर म्हणजे न विचारणे नव्हे. मोठे नाव आहे म्हणून कोणी चिठ्ठी तपासली नाही, आणि त्याची किंमत शोध घेणाऱ्यांना मोजावी लागली. प्रामाणिक मतभेदाने पक्षिशास्त्राचे फारसे बिघडले नाही; तपासल्यावाचून झालेल्या एकमताने बिघडले. दुसरे असे की आरोप करणाऱ्यांनी कुजबूज केली नाही. त्यांनी नमुने तपासले, पुरावा मांडला व आपल्या नावाने छापला. शंका घ्यावी, पण ती उजेडात घ्यावी.

आणखी एक गोष्ट. हेच माइनर्ट्झहागेन १९३७ साली सलीम अली यांच्याबरोबर अफगाणिस्तानच्या दौऱ्यावर होते, आणि दौऱ्यात त्यांनी आपल्या रोजनिशीत अली यांच्याविषयी बरेच कडू लिहून ठेवले होते. पुढे तो मजकूर अली यांच्या हाती आला. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात अली यांनी तो स्वतःच छापला. आपली निंदा आपल्याच पुस्तकात छापण्यास मनाचा मोठेपणा लागतो. दुसऱ्याच्या मताने आपण लहान होत नाही याची खात्री असलेला माणूसच तसे करू शकतो.

८. शास्त्रातील दोन सूचना

नीतिसूत्रांच्या अठराव्या अध्यायात असा भाव आहे की आपली बाजू आधी मांडणारा खरा वाटतो, पण दुसऱ्याने येऊन तपासले म्हणजे गोष्ट उघड होते. मत्तयाच्या अठराव्या अध्यायात अपराध करणाऱ्या बंधूकडे प्रथम एकांतात जाण्याची शिकवण आहे. चूक व अपराध एक नव्हेत. तरी एकांतात विचारून जे मिटते ते चारचौघांत, पत्रातून किंवा मोबाइलवर पसरवू नये, हा बोध दोन्हींस लागू पडतो. मात्र चूक सर्वांसमोर छापली गेली असेल तर दुरुस्तीही सर्वांसमोर, पण मान राखून, व्हावी.

९. वर्गात व मंडळात कसे वागावे

पक्षी पाहणाऱ्या एखाद्या मुलाने येऊन सांगितले, “आज तळ्यावर एक दुर्मिळ पक्षी दिसला,” तर “शक्यच नाही” हे उत्तर तोंडातून जाऊ देऊ नये. विचारावे, “किती मोठा होता रे? साळुंकीएवढा की घारीएवढा? चोच कशी होती? आवाज केला का? पाण्यात होता की झाडावर? किती वेळ दिसला?” या प्रश्नांनी मुलाचा मान राहतो आणि सत्यही बाहेर येते. कधी तो स्वतःच म्हणेल, “मग बहुतेक दुसरा असेल.” आणि कधी त्याचे खरे निघेल. उत्तर मिळाले नाही तर ‘अनिश्चित’ असे लिहून ठेवावे. अनिश्चित हा शब्द अपमानाचा नाही. तो प्रामाणिक शब्द आहे.

शब्बाथशाळेत हाच नियम चालतो. “बाई, तुम्ही मागच्या रविवारी वेगळे सांगितले होते,” असे मूल म्हणाले तर त्याला गप्प बसवू नये. पुस्तक उघडावे, दोघांनी मिळून पाहावे. शिक्षिकेने कपाट उघडलेले मुलाने एकदा पाहिले, की ते मूल जन्मभर कपाट उघडण्यास भिणार नाही.

१०. प्रात्यक्षिक व प्रश्न

कोंबडीच्या पंखाचे एक मोठे पीस वर्गात आणावे. त्याच्या दांडीच्या एका बाजूचे पाते अरुंद व दुसऱ्या बाजूचे रुंद असते. दोन मुलांना समोरासमोर बसवून मध्ये पीस उभे धरावे व अरुंद बाजू कोणत्या हाताला आहे ते विचारावे. एक म्हणेल उजव्या, दुसरा म्हणेल डाव्या. दोघांना थोडा वेळ वाद घालू द्यावा. मग त्यांना जागा बदलण्यास सांगावे. पुढचा पाठ मुले आपण होऊन सांगतील.

त्यानंतर पुढील प्रश्न चर्चेस घ्यावेत:

(१) व्हिसलर यांना आलेला राग स्वाभाविक होता काय? त्यांनी नमुने पुन्हा पाहिले नसते तर कोणाकोणाचे नुकसान झाले असते?

(२) चूक दाखविताना ती कशी झाली असेल हेही सांगितले, तर ऐकणाऱ्याच्या मनावर काय परिणाम होतो? आपल्या अनुभवातील उदाहरण द्या.

(३) रानपिंगळ्याच्या गोष्टीत आदर कोठे चुकला? मोठ्या माणसाला प्रश्न विचारताना कोणती काळजी घ्यावी?

(४) आपल्या मंडळात किंवा छंदमंडळात सध्या असा कोणता वाद आहे, ज्यात मूळ वस्तू कोणी पुन्हा पाहिलेलीच नाही? ती पाहण्यास या आठवड्यात कोण जाईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून घ्यावे व पुढील रविवारी त्या व्यक्तीला काय दिसले ते वर्गास सांगण्यास लावावे.